सकाळी दहाचं इंग्रजी, संध्याकाळी पाचचं इंग्रजी

कोरियात येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात एक शब्द शिकावा लागतो आणि तो चारचौघांत उच्चारताना जरा अवघडल्यासारखं होतं. तो शब्द म्हणजे 'हाग्वन'. (हसून घ्या, आम्हीही हसलो होतो.) अर्थ अगदी साधा आहे, खासगी शिकवणीचा वर्ग. गणिताचं हाग्वन असतं, पियानोचं असतं, चित्रकलेचं, तायक्वांदोचं असतं, आणि आईबापांचा सर्वांत जास्त पैसा जिथे जातो ते इंग्रजीचं असतं. दुपारी शाळा सुटली की फाटकाबाहेर पिवळ्या व्हॅन ओळीने उभ्या राहतात. मुलं एका दप्तराच्या जागी दुसरं दप्तर घेतात आणि निघतात. वीस मिनिटांत शाळेचं मैदान रिकामं.

मी देजॉन शहरात राहते, इथल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. माझा विषय पदार्थविज्ञान, शिक्षणशास्त्र नव्हे. पण मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे, आणि कोरियात सरकारी शाळेतलं इंग्रजी तिसरीपासूनच सुरू होतं. म्हणजे इतकी वर्षं दुरून पाहिलेला प्रश्न यंदा मार्चमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

तुम्ही जगात कुठेही राहत असलात तरी या प्रश्नाचा एखादा भाऊबंद तुमच्या घरी येऊन गेला असेल. अमेरिकेत असाल तर 'कुमॉन' आणि स्पेलिंग बी, इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूलच्या प्रवेशाची शिकवणी. आखातात तर शाळा निवडतानाच फी आणि श्रेणी यांचा तक्ता मांडून बसावं लागतं. लातूर पॅटर्न आणि कोटा यांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटण्याचं कारण नाही. तरी कोरियातल्या इंग्रजीबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं, कारण इथे तो प्रश्न फार स्वच्छ दिसतो.

इथे शिकवायला येणारे परदेशी तरुण एकमेकांना नेहमी विचारतात, सरकारी शाळा बरी की हाग्वन? पगार, सुट्ट्या, घर, तास यांची तुलना होते. आईबापही आपल्या परीने तेच विचारतात, इंग्रजी शाळेत चांगलं शिकवतात की हाग्वनमध्ये? दोन्ही प्रश्न असं धरून चालतात की ही दोन दुकानं आहेत आणि गिऱ्हाईक त्यांतलं एक निवडतं. तसं नाहीच मुळी. आपल्याकडे पैसेवाल्याचं मूल एका शाळेत आणि बिनपैसेवाल्याचं दुसऱ्या शाळेत, अशी फाळणी सकाळीच होऊन जाते. इथे प्राथमिकला जवळजवळ सगळी मुलं घराजवळच्या सरकारी शाळेतच जातात. सकाळी दहा वाजता सरकारी वर्गात बसलेलं मूलच संध्याकाळी पाच वाजता हाग्वनमध्ये बसलेलं असतं. काही मुलं सोडून. हा लेख त्या काही मुलांबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल.

आधी थोडा इतिहास, कारण त्यातली एक गोष्ट मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतल्या काल्पनिक उदाहरणांपेक्षा जास्त विचार करायला लावते. १९८० च्या जुलैत इथल्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. कारण दिलं समतेचं, आणि ते निव्वळ ढोंग नव्हतं. शिकवण्यांच्या खर्चाखाली कुटुंबं खरोखरच दबलेली होती. पुढे बंदीत हळूहळू सवलती येत गेल्या, आणि २००० च्या एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मुलाला शिकवण्याचा आईबापांचा हक्क सरसकट बंदीने मोडतो, असा निकालाचा गाभा. मी तो निकाल वाचला तेव्हा मला तो पटला आणि दुसऱ्याच क्षणी अस्वस्थ वाटलं. पटला, कारण माझ्या मुलीला मी संध्याकाळी काय शिकवावं हे सरकारने ठरवणं मला कदापि चालणार नाही. अस्वस्थ वाटलं, कारण 'मी शिकवणं' आणि 'मी शिकवणं विकत घेणं' या दोन गोष्टी निकालात एका ओळीत उभ्या होत्या.

हॅरी ब्रिगहाउस आणि ॲडम स्विफ्ट या दोन तत्त्वज्ञांनी नेमकी हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवणं हासुद्धा एक फायदा आहे, आणि तो सगळ्या मुलांना मिळत नाही. पण तो हिरावून घेतला तर आईबाप आणि मूल यांच्यातलं नातंच उरणार नाही, म्हणून तो फायदा झाला तरी आपण मान्य करायला हवा. महागडी शाळा विकत घेण्याला मात्र हे समर्थन लागू पडत नाही. ते केलं नाही म्हणून आई आणि मूल यांच्यातली माया तसूभरही कमी होत नाही. मला हा फरक उपयोगी वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. प्रयोगशाळेतून सहाला सुटणाऱ्या बाईला रात्रीची गोष्ट वाचायला जेमतेम डोळे उघडे ठेवता येतात. जिच्याकडे वेळ नाही तिने तो विकत घेतला तर तिची माया बाजारू ठरते का? इथल्या कित्येक घरांत दुपारी दोन ते संध्याकाळी सात या वेळात हाग्वन हेच पाळणाघर असतं. आमची मुलगीही तायक्वांदोला जाते, आणि खरं सांगायचं तर तिथल्या सरांनी तिला लाथा मारायला शिकवल्या नाहीत तरी आमची काही तक्रार नसेल. ते व्हॅनने नेतात, सांभाळतात आणि घरी आणून सोडतात.

म्हणून माया खरी की बाजारू हे मोजण्यापेक्षा, विकत घेतलेली वस्तू कोणत्या जातीची आहे ते आधी पाहिलेलं बरं. तायक्वांदोचा पिवळा पट्टा माझ्या मुलीला मिळाला म्हणून शेजारच्या मुलाचा पट्टा फिका पडत नाही. इंग्रजीचं तसं नाही. फ्रेड हर्श नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली दाखवून दिलं की काही वस्तूंचं मोल, त्या इतरांकडे किती आहेत यावर ठरतं. गणपतीच्या मिरवणुकीत पुढचा माणूस स्टुलावर चढला की मागच्यालाही स्टूल लागतं, आणि शेवटी सगळे स्टुलावर उभे असतात पण दिसतं पहिल्याइतकंच. स्टुलं विकणाऱ्याची मात्र चांदी होते. २०२४ साली कोरियातल्या आईबापांनी शालेय मुलांच्या खासगी शिक्षणावर २९ लाख कोटी वॉनहून जास्त खर्च केला. रुपयांत सांगायचं तर पावणेदोन लाख कोटींच्या आसपास. त्या वर्षी मुलांची एकूण संख्या घटली होती, खर्च मात्र वाढला. दहातली आठ मुलं कुठली ना कुठली खासगी शिकवणी घेत होती. महिन्याला ८० लाख वॉनहून जास्त मिळकत असलेल्या घरात एका मुलामागे होणारा खर्च, ३० लाखांहून कमी मिळकतीच्या घरातल्या खर्चाच्या तिपटीहून अधिक होता.

सरकारने हातावर हात ठेवून बघत राहिलं असंही नाही. विद्यापीठ प्रवेशाची इथली राष्ट्रीय परीक्षा म्हणजे सुनुंग. तिच्यातल्या इंग्रजी श्रवणाच्या वेळी आवाज नको म्हणून देशभरातली विमानंसुद्धा उतरत-उडत नाहीत, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या परीक्षेतल्या इंग्रजीला सापेक्ष श्रेणी देणं बंद झालं. शंभरपैकी नव्वद मिळाले की पहिली श्रेणी, मग असे कितीही जण असोत. म्हणजे निदान कागदावर इंग्रजी रांगेतून बाहेर काढलं. व्हायचं ते उलटंच झालं. लोकांनी हिशेब केला की नव्वदच लागतात ना, मग इंग्रजी लहानपणीच उरकून टाकू आणि मोठेपणी सगळा वेळ गणिताला देऊ. स्टुलं नाहीशी झाली नाहीत, बालवाडीत जाऊन पोहोचली. 'इंग्रजी बालवाडी' नावाचा जो प्रकार इथे फोफावला आहे तो कायद्याच्या भाषेत बालवाडी नसून हाग्वनच आहे. सोलच्या देची-दोंग भागातल्या नामवंत इंग्रजी हाग्वनांत शिरायला पहिलीच्या आधी जी परीक्षा द्यावी लागते तिला लोकांनी 'सात वर्षांची स्पर्धा परीक्षा' असं नाव ठेवलं आहे. वय कोरियन पद्धतीने मोजलेलं आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने मूल सहाचं किंवा त्याहून लहान.

याहून बोलका प्रसंग २०१८ चा. तिसरीच्या आधी शाळेने इंग्रजी शिकवू नये, अभ्यासक्रमाच्या पुढे धावू नये, या तत्त्वाला धरून पहिली-दुसरीच्या मुलांचे शाळेतले शाळा सुटल्यानंतरचे इंग्रजी वर्ग त्या मार्चपासून बंद करण्यात आले. हे वर्ग शाळेच्या इमारतीतच भरत आणि हाग्वनच्या मानाने फारच स्वस्त असत. हाग्वनांना ती बंदी लागू नव्हती. म्हणजे मुलांच्या कोवळ्या वयाची काळजी घेताना सरकारने फक्त स्वस्त दार बंद केलं आणि महाग दार सताड उघडं ठेवलं. वर्षभर आईबापांची ओरड झाली आणि २०१९ मध्ये कायदा बदलून ते वर्ग परत आले. या हकिकतीतली मला महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे ती ओरड. आईबाप सरकारी शाळेकडे इंग्रजी मागत होते. असा देखावा इथे क्वचित दिसतो.

आता शिकवणाऱ्यांकडे वळू. माझ्या ओळखीचे दोघे आहेत. एक दक्षिण आफ्रिकेतला तरुण, शहरातल्या दुन्सान-दोंग या हाग्वनांच्या वस्तीत शिकवतो. दुसरी आयर्लंडची, शेजारच्या प्रांतातल्या खेडेगावांत सरकारी शाळांत शिकवते. डोंगर चढायला जाणाऱ्यांच्या एका गटात दोघांची ओळख झाली, आणि चढ संपेपर्यंत त्यांचं कामाबद्दल बोलणं चालतं.

त्याचा दिवस दुपारी सुरू होतो. वर्गात दहा-बारा मुलं. तो प्रत्येकाला ओळखतो, कोणाची जीभ 'एफ' आणि 'पी'मध्ये अडखळते हे त्याला पाठ आहे. महिन्याच्या शेवटी प्रत्येक आईला अहवाल जातो आणि तो वाईट असून चालत नाही, कारण वाईट अहवालाचा अर्थ पुढच्या महिन्याची फी नाही. कोरियन कायद्यानुसार वर्षभर नोकरी झाली की सोडताना साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम द्यावी लागते. ती वाचवण्यासाठी अकराव्या महिन्यात नारळ दिल्याच्या गोष्टी या शिक्षकांच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक असतात. तिचं गणित वेगळं. आठवड्याला बावीस तास, सोबत कोरियन शिक्षिका, पगार वेळेवर. सुट्टीत मुलं नसतानाही शाळेत येऊन रिकाम्या शिक्षक-खोलीत बसायचं, याला ते लोक 'खुर्ची गरम करणं' म्हणतात. ती आठवड्यात तीन शाळा फिरते. एका मुलाची गाठ आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं.

या दोघांत चांगला शिक्षक कोण, असं विचाराल तर मी बेधडक सांगेन, तो. सरकारी म्हणजे सेवाभावी आणि खासगी म्हणजे धंदेवाईक ही वाटणी आपण सवयीने करतो, तिला फारसा अर्थ नाही. तो जीव तोडून शिकवतो, आणि ती काही दिवस नुसती वेळ काढते हे तीच सांगते. पण दोघांत एक फरक आहे जो दोघांच्याही स्वभावात नाही, त्यांच्या जागेत आहे. त्याच्यासमोर बसलेलं प्रत्येक मूल कोणीतरी पाठवलेलं आहे. ज्याला कोणी पाठवलं नाही असं मूल त्याच्या जगात नाहीच, त्यामुळे त्याच्याबद्दल त्याला उत्तर द्यावं लागत नाही. तिच्या वर्गात मात्र ते मूल शेवटच्या बाकावर बसलेलं असतं. ती त्याच्याकडे पाहो न पाहो, ते तिचं आहे.

इथे एक पोटप्रश्न येतो आणि तो आपल्याला, म्हणजे भारतीयांना, चांगलाच लागू आहे. हाग्वनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते. भूगर्भशास्त्र घेऊन कालच पदवीधर झालेला कॅनडाचा मुलगा उद्या शिक्षक होऊ शकतो. माझी मावसबहीण साताऱ्याकडे पंधरा वर्षं इंग्रजी शिकवते आहे, बी.एड. आहे, तिला ते दार बंद. गंमत म्हणजे सरकारी शाळेचं दार तिला निदान किलकिलं आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला जो व्यापार करार २०१० पासून लागू झाला, त्यात पदवी आणि शिक्षक म्हणून परवाना असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात असा कोणी भारतीय शिक्षक मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. तरी तरतुदीतला विचार पाहा. हाग्वनचं दार पासपोर्ट पाहून उघडतं आणि भारतीयासाठी शाळेचं दार शिकवण्याची लायकी पाहून. आई फी भरते ती ज्या चेहऱ्यासाठी आणि उच्चारांसाठी, ते त्या हाग्वनच्या जाहिरातीत आधीच छापलेले असतात.

आता आमच्या टेबलावरचा प्रश्न. मार्चच्या शेवटी शाळेत खुला वर्ग होता. पालकांनी मागे उभं राहून तास पाहायचा असतो. इंग्रजीचा तास होता. बाईंनी पडद्यावर एक चित्र दाखवलं आणि प्रश्न विचारायच्या आत पंधरा हात वर. उत्तरं पूर्ण वाक्यांत, काहींचे उच्चार थेट अमेरिकन. पुस्तकाच्या त्या पानावर फक्त 'हॅलो' म्हणायला शिकायचं होतं. पंचवीसातल्या चार-पाच मुलांनी हात वर केला नाही. त्यांतला एक मुलगा खोडरबराचे बारीक तुकडे करून ओळीत मांडत होता, चाळीस मिनिटं, मोठ्या निगुतीने. नंतर मी माझ्या तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये बाईंना विचारलं की अक्षरं कधी शिकवणार. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, बहुतेक मुलांना येतातच, त्यामुळे तिथे आम्ही फार वेळ घालवत नाही. आणि मग थोड्या आश्चर्याने म्हणाल्या, इंग्रजीबद्दल पालक सहसा काही विचारत नाहीत.

अल्बर्ट हर्शमन (वरच्या हर्शशी नामसाधर्म्य आहे, माणूस वेगळा) याने १९७० साली मांडलेला एक विचार मला तेव्हापासून सोडत नाही. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या लोकांपुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आत राहून बोलणं. ज्यांना दर्जाची सर्वांत जास्त चाड असते तेच आधी सोडून जातात, आणि त्यांच्याबरोबर बोलणाराही जातो. त्याच्यासमोरच्या उदाहरणांत सार्वजनिक शाळाही होती. कोरियात या विचाराला एक चमत्कारिक पिळा पडला आहे. इथे सोडून कोणीच गेलेलं नाही. मुलं वर्गात आहेत, हजेरी पूर्ण आहे. गेली आहे ती आईबापांची अपेक्षा, ती पाच वाजताच्या वर्गात जाऊन बसली आहे. म्हणून सकाळी दहाच्या वर्गाबद्दल कोणी भांडत नाही, आणि त्या वर्गाशिवाय ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांच्या वतीने बोलायला कोणी उरत नाही. मला हाग्वनचा खरा दोष इथे दिसतो. ते महाग आहे, मुलं थकतात, रात्री उशिरापर्यंत चालतं (सोलमध्ये दहाची मर्यादा आहे, ती २००९ मध्ये घटना न्यायालयानेही उचलून धरली), हे सगळं खरं आहे आणि त्यावर इथली वर्तमानपत्रं रोज लिहितात. शाळेबद्दलचं मौन मात्र कोणाला खटकत नाही, कारण ते कुणाच्या खर्चात दिसत नाही.

खोडरबरवाला मुलगा मला नंतर पुन्हा भेटला. आमच्या वस्तीत मुलांसाठी एक केंद्र आहे, कमी मिळकतीच्या घरांतली मुलं शाळेनंतर तिथे येतात, जेवण मिळतं, अभ्यास होतो. शनिवारी तिथे मी मुलांबरोबर गणित आणि थोडं इंग्रजी करते, विनामोबदला. (माझ्या व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही. एका सहकाऱ्याच्या पत्नीने तासाला चांगली रक्कम देऊ केली होती, नाही म्हणावं लागलं.) त्याला 'बी' आणि 'डी' यांतला फरक कळत नाही. कळायला नेटाने बसलं तर आठवडा पुरे. तो मठ्ठ मुळीच नाही, खोडरबराचे तुकडे त्याने आकारानुसार लावले होते. वर्ग त्याच्यासाठी कधी थांबलेलाच नाही, एवढंच.

नवऱ्याचं म्हणणं असं की हे सगळं ठीक आहे, पण आपल्या मुलीला इंग्रजी हाग्वनला न पाठवण्यात आपण कसला त्याग करतो आहोत? तिला इंग्रजी येतं. आम्ही दोघं इंग्रजीत शोधनिबंध लिहितो, घरात इंग्रजी पुस्तकांचा ढीग आहे, पुण्यात तिची बालवाडी इंग्रजीतलीच होती. वर हात करणाऱ्या त्या पंधरांत ती होती, आणि आम्ही एक वॉनही दिलेला नाही. म्हणजे आमचं स्टूल वारशाने आलेलं आहे. शिवाय आम्ही परके, दोन-तीन वर्षांत इथून उठून जाऊ, सुनुंग आमच्या वाट्याला येणारच नाही. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी विकत न घेण्याबद्दल अभिमान बाळगणं हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. महाराष्ट्र सरकारने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा, एवढ्या लहान वयात परकी भाषा नको म्हणून हळहळणाऱ्यांत स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात घालून मोकळे झालेले किती होते, ते आठवून पाहा. ज्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती त्यांना ते इंग्रजी हवं होतं.

म्हणून दुन्सान-दोंगला मुलांना पाठवणाऱ्या माझ्या शेजारणींना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आजूबाजूचे सगळे स्टुलावर असताना आपल्या मुलाला जमिनीवर उभं करून समतेचा धडा द्या, असं कोण कोणाला सांगणार? पाठवा. मला एवढंच म्हणायचं आहे की फी भरली म्हणून शाळेशी असलेला संबंध फिटत नाही. तुमचं मूल सकाळी दहाला ज्या वर्गात बसतं त्या वर्गाकडून तुम्हाला काही नको असेल, तरी त्याच्या शेजारच्या बाकावरच्याला हवं आहे, आणि त्याच्या आईला पालकसभेला यायला कामावरून सुट्टी मिळत नाही. तुम्हाला मिळते. संध्याकाळचं इंग्रजी विकत घेऊ शकणाऱ्या माणसाकडे साधारणपणे सकाळच्या इंग्रजीबद्दल बोलण्याची ताकदही असते, भाषा, वेळ, ओळखी, सगळं. ती ताकद घेऊन तो गप्प बसतो तेव्हा त्याने दुसऱ्याचं काहीतरी काढून घेतलेलं असतं, असं मला वाटू लागलं आहे. स्टूल घेण्यात इतकं नाही, जितकं या गप्प बसण्यात.

यावर तुम्ही म्हणाल, परक्या देशात, तुटक्या भाषेत, दोन वर्षांचे पाहुणे असलेल्या आपण हे बोलायचं? न्यू जर्सीतल्या किंवा लेस्टरमधल्या वाचकाला हा प्रश्न जास्त सतावत असणार, कारण तिथे आपण पाहुणे उरलेलो नाही आणि तरी शाळेच्या बैठकीत पाहुण्यासारखे बसतो. आपल्या मुलांसाठी शनिवारची मराठी शाळा आपण उभी करतो, त्यासाठी हॉल शोधतो, पुस्तकं मागवतो. सोमवारच्या शाळेबद्दल मात्र आपलं मत फक्त घर विकत घेताना, तिथल्या शाळेची श्रेणी बघून, व्यक्त होतं.

पुढची पालकसभा सप्टेंबरमध्ये आहे. मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेला वेगळा वेळ आणि थोडा निधी असतो, तो आजवर गणित आणि कोरियन वाचनाला जातो. त्यातला काही इंग्रजीच्या अक्षरांना द्यावा आणि तिसरीच्या पहिल्या महिन्यात कोणालाच काही येत नाही असं धरून शिकवावं, एवढी माझी मागणी आहे. ती नीट आदरार्थी कोरियनमध्ये लिहून द्यायला मी प्रयोगशाळेतल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला बसवलं. तो इथलाच, दहावीपर्यंत तीन-तीन हाग्वनं केलेला. त्याने मजकूर वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "हे तुम्हाला हाग्वनला पाठवायचं आहे ना?"

शाळेला, म्हटलं. मग त्याने सगळी क्रियापदं बदलली.